ड्रायक्लीनच्या दुकानामागचं आवतण

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचते आहे. वाचते आणि हसते, खरं सांगायचं तर. कुणाला पिंपळाखाली पांढरी साडी दिसते, कुणाच्या गाडीचे लाइट आपोआप बंद होतात... मी मनात म्हणते, अहो, आधी बॅटरी तपासा. सरकारी नोकरीत आयुष्य गेलंय माझं. समोर आलेल्या कागदाला "याला आधार काय" असं विचारायची सवय हाडात मुरली आहे. भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं यातलं काहीही मी कधी मानलं नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. तरी लिहिते आहे. कारण जे झालं ते झालं, आणि कुणाच्या सोयीसाठी ते झालंच नाही असं मी म्हणणार नाही.

आणखी एक... हे बारमध्ये झालं. बाईमाणसानं बारमध्ये जाणं ज्यांना खटकतं त्यांनी इथेच थांबलेलं बरं, कारण पुढे अजून खटकेल.

मी रायपूरला राहते, छत्तीसगढच्या. माहेर वर्ध्याचं. सासरची मंडळी भोसल्यांच्या काळात इकडे आली ती इथलीच होऊन गेली. घरात आम्ही मराठी बोलतो — म्हणजे आमची मराठी, निम्मी वऱ्हाडी आणि निम्मी हिंदी. नोकरी नव्या रायपुरात. तिथे रस्ते भले रुंद, माणसं तुरळक, आणि स्टाफची बस चुकली की दिवसाचं वाटोळं. माझा नवरा विजय मागच्या वर्षी उन्हाळ्यात गेला. हार्ट. एक मुलगी आहे, केतकी, ती बंगलोरला असते.

आता मुद्द्याचं. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. भाद्रपदात गणपतीपाठोपाठ येतात, दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांना उभं करायचं, साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवण घालायचं. आमच्या सासरचे पितळी मुखवटे फार जुने आहेत. ते थोरल्या मुलाच्या घरी राहतात. विजय थोरला, म्हणून सासूबाईंनंतर ते माझ्याकडे आले. मी काही उपासतापास करणारी बाई नाही. पण महालक्ष्म्यांचं मी जीव लावून केलं. निऱ्या काढताना घरात कुणी नसलं की मी त्यांच्याशी बोलायचे. ऑफिसातलं, केतकीचं, विजयच्या घोरण्याचं. त्या दोघी माझ्या होत्या, एवढंच मला माहीत.

मागच्या वर्षी घरात दुखवटा होता म्हणून बसवल्याच नाहीत. यंदा पोळ्याच्या दिवशी माझ्या धाकट्या दिरांचा, दिलीप भाऊजींचा, समता कॉलनीतून फोन आला. म्हणाले, वहिनी, गणपतीच्या आधी आम्ही दोघं मुखवटे न्यायले येतो, तुम्ही काढून ठेवा. विचारणं नाही, सांगणं. कारणंही त्यांनीच दिली... नवरा नाही, मुलगा नाही, महालक्ष्म्या सवाष्णीच्या हातच्या, तुम्ही आता कुंकू कसं लावणार, आता शोभा करेल. शोभा म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. मला राग आला की मी गप्प होते, आणि लोकांना तो होकार वाटतो. भाऊजींनाही वाटला. त्यांनी "ठीक आहे मग" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी दिवसभर सगळ्यांवर डाफरत होते. मधू साहू माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, माझ्यापेक्षा लहान आहे, मला दीदी म्हणते. छत्तीसगढात तीजाच्या सणाला लग्न झालेल्या बायका हटकून माहेरी जातात, तशी तीही उद्या निघणार होती. संध्याकाळी बसमध्ये चढता चढता म्हणाली, "दीदी, आज घर नहीं जाना. एक जगह है, चलो. किसी को बताना मत."

ती जागा म्हणजे व्हीआयपी रोडच्या आतल्या गल्लीतलं एक ड्रायक्लीनचं दुकान. मला वाटलं हिला वाटेत ब्लाउज घ्यायचाय. काउंटरवरच्या माणसाला मधू हळूच म्हणाली, "कोसा." कोसा म्हणजे इकडचं रेशीम, आणि हा त्या दिवसाचा परवलीचा शब्द, तिला मोबाइलवर आला होता. त्या माणसानं मागच्या दांडीवर टांगलेल्या साड्या बाजूला सारल्या, तर मागे दार! आत अंधुक उजेड, हळू आवाजात गाणी, उंच पाठीचे सोफे आणि आमच्या मुलांच्या वयाची पोरंपोरी.

मी मधूला विचारलं, यासाठी साड्यांच्या मागे कशाला लपायचं, आपल्या शहरात परवान्याची दुकानं काय कमी आहेत? ती म्हणाली, "यही तो मज़ा है, दीदी." असेल. मला मात्र तो सगळा प्रकार लपाछपीसारखा वाटला. पण एक सांगते, आत जाऊन बसल्यावर बरं वाटलं. गेलं वर्षभर मी जिथे जाईन तिथे लोक आधी माझ्या कपाळाकडे बघायचे आणि मग चेहऱ्याकडे. त्या अंधारात कुणी बघत नव्हतं.

मेन्यू म्हणून काही नव्हताच. कॉकटेल करणारा भिलाईचा पोरगा येऊन विचारतो, तुम्हाला काय आवडतं, आज मूड कसा आहे... आणि त्यावरून मनानेच काहीतरी करून आणतो. मी म्हटलं, खट्टं हवं, गोड अजिबात नको, आणि मूड खराब आहे. तो मान डोलावून गेला. तेवढ्यात मधूला तिच्या आईचा फोन आला. आत रेंज नव्हती म्हणून ती बाहेर गेली आणि मी एकटी उरले.

हे लक्षात ठेवा. माझा ग्लास अजून यायचा होता. माझ्या पोटात तेव्हा ऑफिसातल्या चहाशिवाय काही नव्हतं.

समोरच्या सोफ्यावर दोन बायका बसल्या होत्या. आम्ही आत आलो तेव्हा मला त्या दिसल्या नव्हत्या, पण मी नीट बघितलंही नव्हतं. एक साठीची असेल, अंगानं भरलेली. दुसरी माझ्या वयाची, सडसडीत. दोघींच्या काठापदराच्या साड्या चापूनचोपून नेसलेल्या, मोठीची हिरवी, धाकटीची जांभळी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? मेले! या नक्की मराठी मंडळातल्या. रायपुरात आम्ही मराठी लोक आहोत तरी किती... उद्या सकाळपर्यंत सगळीकडे होणार की विजयची बायको वर्षश्राद्ध होतं न होतं तोच बारमध्ये बसली. मग दुसरा विचार आला, की त्याही इथेच बसल्या आहेत की. मग मी ताठ मानेनं त्यांच्याकडे बघितलं.

मोठीनं हाक मारली, "ये वसुधा. इकडं बस."

नाव माहीत आहे याचं मला काहीच वाटलं नाही, आमच्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. नाव आठवेना म्हणून मी नुसतं काकू म्हणून नमस्कार केला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. दोघींपुढे एकेक बुटका ग्लास होता. तिसरा धाकटीनं माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, हेच ते खट्टं. मी घोट घेतला.

आंबील होती.

विदर्भाबाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. ज्वारीचं पीठ आंबवून ताकात शिजवतात, त्यात खोबऱ्याचे काप घालतात. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील हवीच, तिच्याशिवाय पान पुरं होत नाही. बरं, आजकाल मोठमोठ्या हॉटेलांत भाकरीसुद्धा थाटात विकतात, तेव्हा बारमध्ये आंबील मिळाली तर मिळाली, असं म्हणता येईल. पण ती करपलेली होती. तळाला किंचित लागलेली, तो धुरकट कडसर वास घशात उतरणारी.

हे फक्त आमच्या घरी होतं. सासूबाई नवीन नवरी असताना त्यांच्या हातून महालक्ष्म्यांची आंबील करपली. सगळ्या घरानं तोंडसुख घेतलं. दुसरी करायला वेळ नव्हता, तशीच नैवेद्याला गेली. आणि त्याच वर्षी घरात बऱ्याच दिवसांनी पाळणा हलला, तो विजय. झालं! सासूबाईंनी जाहीर केलं की महालक्ष्म्यांना अशीच आवडते. तेव्हापासून आमच्याकडे आंबील मुद्दाम तळाला लागू देतात. बाहेरच्यांना आम्ही सांगत नाही, कोण ऐकून घेणार? जेवायला येणारे समजतात, या घरच्या बायका दरवर्षी बिचाऱ्या गप्पांत रमतात. शोभाला तर या प्रकाराची इतकी लाज वाटते की ती पहिल्याच वाफेला पातेलं उतरवायला धावते.

मी विचारलं, हे कुणी केलं? धाकटी म्हणाली, "पी आधी. मंग बोल."

मी प्यायले. काय करणार, दोन वर्षं होत आली होती ती चव तोंडात येऊन. मोठी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, पण जरा दुखावल्यासारखी.

"औंदा आम्हाले आवतण नाही आलं अजून," ती म्हणाली.

आवतण म्हणजे जेवणाचं बोलावणं. आमच्याकडे ते फोनवर देत नाहीत, घरी जाऊन, हातावर अक्षता ठेवून देतात. आणि एकदा दिलं की फिरवत नाहीत. घरात काही होवो, ज्या घरचं आवतण त्याच घरी ताट वाढलं गेलं पाहिजे. विजयच्या बरोबर दरवर्षी मी कितीतरी घरं फिरायचे, त्यातल्याच या दोघी असतील असं मी धरून चालले. आणि ऐकवलं, जरा तोऱ्यातच... यंदा माझ्याकडून आवतण येणार नाही, यंदा महालक्ष्म्या माझ्या जावेकडे, समता कॉलनीत चालल्या.

"काहून?" धाकटीनं विचारलं. "तुले आता स्वयंपाक जमत नाही का?"

"जमते की. न जमायले काय झालं?"

"मंग?"

"नवरा गेला माझा," मी म्हटलं. हे वाक्य वर्षभरात मी शंभर वेळा बोलले असेन, पण त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडताना लाज वाटल्यासारखं झालं, आणि मला स्वतःचाच संताप आला.

मोठीनं ग्लास खाली ठेवला. "विजू गेला ते ठाऊक आहे आम्हाले. पण रांधत कोण होतं? तू का विजू?"

मला हसू फुटलं. विजयला साधा चहा नीट येत नव्हता हो! हसता हसता रडायला कधी लागले ते कळलं नाही. लोक भेटायला आले तेव्हा मी फार रडले नव्हते, मुखवट्यांचा फोन आला तेव्हाही नाही. तिथे मात्र पदर तोंडात धरून रडले. इतके लोक मला धीर द्यायला येऊन गेले, पण तू रांधत होतीस असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दोघी मला गप्प हो वगैरे काही म्हणाल्या नाहीत. थांबल्या.

मग मोठी हळूच म्हणाली, "मागल्या वर्षीही उपाशीच गेलो बाई आम्ही."

आणि मी म्हटलं, या मग. दोघी या. माझ्याच घरी या, मी आवतण देते. धाकटीनं लगेच तळहात पुढे केला, "असं कोरडं देते का?" अक्षता कुठून आणू? टेबलावर फुटाण्यांची वाटी होती. त्यातले चार-चार फुटाणे मी दोघींच्या हातावर ठेवले. धाकटीनं तिथेच तोंडात टाकले. मोठीनं पदराच्या टोकाला बांधून घेतले. हात अगदी माणसांचे होते. उबदार, जरासे खरखरीत. थंडगार स्पर्श, अंगावर काटा असलं काही झालं नाही, उगाच मीठमसाला लावणार नाही.

तेवढ्यात बाजूला येऊन मधूनं खांद्यावर हात ठेवला, "दीदी, आप यहाँ क्यों बैठी हो?" मी तिच्याकडे वळले, म्हटलं, ये, ओळख करून देते. परत समोर वळले तर सोफ्यावर कुणी नव्हतं.

दोन ग्लास होते. चाटूनपुसून रिकामे. माझा अर्धा होता.

मधूला त्या दिसल्या का? नाही. दारातून तिला फक्त मी दिसले, समोरच्या सोफ्याची उंच पाठ दाराकडे होती, तिथे कुणी असलं तरी दिसलं नसतं, आणि जवळ आल्यावर ती माझ्या रडलेल्या तोंडाकडेच बघत होती. पण माझ्या ग्लासातलं ती प्यायली. तिनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ये तो बासी जैसा है... और थोड़ा जला हुआ." रात्रभर पाण्यात ठेवून आंबवलेल्या भाताला छत्तीसगढात बासी म्हणतात. तेव्हा माझं डोकं फिरलं असेल, पण मधूच्या जिभेचं काय?

भिलाईचा पोरगा माझं कॉकटेल घेऊन तेव्हा कुठे आला. ग्लास बारचेच होते, हे त्यानं कबूल केलं. आतला पदार्थ मात्र बारचा नाही, असंही म्हणाला, "मैम, ज्वार हमारे किचन में आता ही नहीं." मी बाहेर जाऊन काउंटरवरच्या माणसाला विचारलं. मधूशिवाय कुणी आत-बाहेर केलं नव्हतं. दुसरं दार स्वयंपाकघराचं, तिथे माणसं काम करत होती, तिथूनही कुणी गेलं नाही. कॅमेऱ्यात बघितलं का, हा प्रश्न कमेंटमध्ये येणार हे मला माहीत आहे. जिथे लोक लपून बसायला येतात तिथे आत कॅमेरे लावत नाहीत, हे त्यांच्या मॅनेजरनं मला समजावून सांगितलं.

ते कॉकटेल मी नंतर सावकाश प्यायले. चांगलं होतं, लिंबाचं काहीतरी. हे अशासाठी लिहिते की बाईला चढली होती असं म्हणायची ज्यांना घाई झाली आहे त्यांनी क्रम नीट वाचावा.

घरी येऊन मी ट्रंक उघडली आणि मुखवटे बाहेर काढले. काही नाही. जसे ठेवले होते तसेच. कुणी माझ्याकडे बघून हसलं नाही, कुणाच्या ओठाला फुटाण्याचं साल चिकटलेलं नव्हतं. मी चिंच-मिठानं त्यांना लख्ख घासलं, पुसलं, आणि ट्रंकेत न ठेवता देवघरात ठेवून दिलं.

ठरल्याप्रमाणे भाऊजी आणि शोभा आले. शोभानं मुखवटे गुंडाळायला नवीन लाल कापड आणलं होतं. मी चहा दिला आणि सांगितलं, मुखवटे मिळणार नाहीत. माझ्या घरचं आवतण दिलेलं आहे. भाऊजींनी विचारलं, कोणाले? मी म्हटलं, दोघीजणींना. आणि मग सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवायला मी काय चोरी केली होती?

सगळं ऐकल्यावर भाऊजींचं गाडं एकाच जागी अडलं. "वहिनी, तुम्ही बारमंदी गेल्या होत्या?"

मी म्हटलं, हो. परत जाईन.

ते उठून खिडकीशी गेले. शोभा मात्र बसून राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "ताई," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तुमच्या घरी येऊन पाट मांडले, खरकटी काढली. लोकं तुमचंच नाव घेत होते. माझ्या घरी कधी येतील त्या, असं मले वाटत नसेल का?"

हे खरं होतं. तिनं जीव तोडून काम केलं आणि नाव मला मिळालं, कारण माझं लग्न थोरल्याशी झालेलं. रागाच्या भरात मी तिचा विचारच केला नव्हता. पण म्हणून मुखवटे देऊन टाकायचे? मी तिला म्हटलं, तुला हव्या होत्या तर तू कधी मागून बघायचंस, मी बोलले असते तुझ्याशी. तू मागितल्या नाहीस. माझं कुंकू गेलं म्हणून तुम्ही त्या उचलायला आलात. त्या कारणानं मी देणार नाही, मग ते कुणीही सांगो.

लाल कापड टेबलावर तसंच ठेवून ते दोघं निघून गेले.

त्यानंतर मी त्या दोघींचा शोध घेतला. उगाच नाही, रीतसर. मंडळातल्या जुन्या बायकांना फोन केले, गुढियारीतल्या रेल्वेवाल्या मराठी घरांत जाऊन विचारलं, भिलाई-दुर्गच्या नातेवाइकांनाही सोडलं नाही. अशा दोन बहिणी, अशा वयाच्या, अशा दिसणाऱ्या कुणालाही माहीत नाहीत. बारमध्ये जाणाऱ्या तर नाहीतच नाहीत. करपलेल्या आंबिलीचं घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. विजयला विजू म्हणायच्या त्या फक्त सासूबाई, आणि त्या केव्हाच गेल्या. यातल्या कशालाही माझ्याकडे आधार नाही. त्या कोण होत्या याचं नाव मी घेणार नाही, कारण मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्यावर मी सही करत नाही. तुमच्यापैकी कुणाला पटेलसं कारण सापडलं तर जरूर लिहा. मी वाचेन. पण आधी सांगून ठेवते, मानेनच असं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग जेवायला आल्या का?

भटजींनी काहीतरी निमित्त सांगून अंग काढून घेतलं, म्हणून पूजा मी स्वतः केली. केतकी रजा काढून आली होती. मुखवट्यांना कुंकूही मीच लावलं. मंडळातल्या बऱ्याच जणी आल्या नाहीत. मधू आली, माहेरचा तीजाचा फराळ, ठेठरी-खुरमी घेऊन. दोन पानं मी वेगळी मांडली, रांगोळी काढली, सगळं वाढलं आणि दार उघडं ठेवून बसले. सगळ्यांची जेवणं झाली. ऊन कलायला लागलं. कुणी आलं नाही. केतकी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला सहन होईना. वाटलं, हरलो आपण.

तेव्हा शोभा आली. एकटी, रिक्षानं. भाऊजींना सांगून आली नव्हती. चप्पल काढून ती दारात उभी राहिली, आतली दोन रिकामी पानं बघितली, कुणासाठी ते तिला विचारावं लागलं नाही. तिनं आधी महालक्ष्म्यांपुढे डोकं टेकलं. मग हात धुऊन एका पानावर येऊन बसली आणि दुसऱ्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "बसा ताई. किती वेळ ठेवता तसंच?"

मी बसले. केतकीनं परत गरम वाढलं. दोघी जावा जेवत होतो, तिचा तिच्या पानाकडे डोळा, माझा माझ्या. आंबिलीची वाटी तिनं तोंडाला लावली, खाली ठेवली, आणि मुखवट्यांकडे न बघता एकदम हळू आवाजात विचारलं,

"कशा होत्या वो त्या? दिसायले?"

मी म्हटलं, "भुकेल्या होत्या, शोभा."

तिनं वाटी पुढे केली. मी तिला अजून वाढली.